लाभानंतर दोन

आमच्या घरात पायथन आला तो माझ्या मोबाईलवर बसून आला, त्यामुळं त्याचा सगळ्यात जास्त ताप कुणाला झाला असेल तर मला. कॉम्प्युटरला काम सांगायची ही भाषा आहे म्हणे. माणसांशी बोलायच्या भाषेत आमच्याकडे रोज भांडणं होतात, त्यात ही आणखी एक.

शिकत होती प्रांजल, माझी धाकटी नणंद. बारावी झाल्यावर तिनं नसरापूरला क्लास लावला. आमची वाडी विंझरच्या वर डोंगराच्या अंगाला. सकाळची एसटी गाठायची तर खाली रस्त्यापर्यंत पळत जायचं, आणि पळत जाऊनही एसटी येईलच असं नाही. क्लासमध्ये कॉम्प्युटर होते, घरी नव्हता. म्हणून क्लासच्या कुमार सरांनी तिला मोबाईलवर प्रोग्राम चालवायची सोय करून दिली. तिच्या मोबाईलची काच फुटलेली होती. माझ्या मोबाईलची काच चांगली होती, हा माझा गुन्हा. आमचे हे, सोमनाथ, कापूरहोळला गॅरेजात असतात. त्यांचा फोन आला की प्रांजल म्हणायची, "वयनी, नंतर बोल की, माझा प्रोग्राम हाय त्यात."

माझे सासरे बाजीराव, म्हणजे आमचे मामंजी, या क्लासवर पहिल्यापासून नाराज होते. त्यांनी जेवताना एक दिवस सांगून टाकलं, "शिमग्यापतुर शीक. तवर वाडीला दिसंल आसं कायतरी करून दाव. न्हाई दावलं, तर शेरडांमागं जायचं. मग रडायचं न्हाई."

मामंजी बोलतात कमी, पण बोलले की दगडावरची रेघ. त्या दिवसापासून घरात सगळ्यांना दोनच गोष्टी माहीत होत्या: शिमगा आणि पायथन.

पोर झटत होती, हे मी कबूल करते. पण झटणं बघवत नव्हतं. चुलीपुढं बसून टाईप करायची, बटण दाबायची आणि मोबाईलवर लाल अक्षरं यायची, म्हणजे चुकलं. पुन्हा टाईप, पुन्हा लाल. एकदा म्हणे प्रोग्रामनं तिला आकडा विचारला, तिनं दोन दिला, त्यात एक मिळव म्हटलं तर लाल.

"दोनात एक मिळवता येईना? आमच्या बालवाडीतल्या पोरांना येतं," मी म्हटलं.

"वयनी, आपण टाईप केलेला आकडा त्ये अक्षर म्हणून घेतंय. अक्षराचा आकडा करून द्यावा लागतो. आपण सांगितल्याबिगर त्याला कायबी कळत न्हाई."

"मग तुझ्या सोमनाथदादासारखंच की."

ती हसली नाही. तिला हसायला वेळ नव्हता. मला मात्र राग यायला लागला होता, तिचा नाही, त्या लाल अक्षरांचा. मी स्वतः लग्नाआधी कॉम्प्युटरचा छोटा कोर्स लावलेला, तो घरच्यांनी नको म्हटलं म्हणून कापूरहोळच्या माहेरी अर्धाच राहिला. ही पोर तरी पुढं जावी असं मला फार वाटत होतं. सांगून कुणाला पटलं नसतं, म्हणून मी तिच्यावर ओरडून घ्यायचे.

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते शून्यानं. यादी करायची, त्यात नावं लिहायची, आणि पहिल्या नावाचा नंबर एक नाही, शून्य. प्रांजलला हे काही केल्या उतरेना. "पयल्याला शून्य म्हणायचं, ह्ये कुणी ठरीवलं?" म्हणून तिनं एकदा भाकरीचं पीठ आपटलं. पीठ माझं होतं.

सुगीच्या दिवसांत कुमार सर आमच्या खळ्यावर आले. पुण्याचे, तरुण, मन लावून शिकवणारे आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीचं भारी कौतुक असणारे. शेणाच्या सारवणाचं कौतुक, विळ्याचं कौतुक. मामंजी पायलीनं भात मापत होते, मी पोत्याचं तोंड धरलं होतं. मामंजींनी पहिली पायली ओतली आणि म्हणाले, "लाभ."

सरांनी विचारलं, "लाभ म्हणजे?"

"पयल्या मापाला आमी आकडा लावत न्हाई. लाभ म्हणायचं. बरकत ऱ्हाती."

झालं. सर उडालेच. "प्रांजल! अगं, हेच ते! पहिल्याला एक म्हणायचं नाही, हे तुमच्या खळ्यावर आधीपासून आहे. पायथनमधलं शून्य म्हणजे तुमचा लाभ!" आणि लगेच मोबाईल काढून पायलीचा फोटो घ्यायला लागले. तोवर मामंजींनी दुसरी पायली ओतली होती आणि "दोन" म्हटलं होतं. ते सरांनी ऐकलं नाही. ज्याला कौतुक करायचं असतं त्याला पुढचं ऐकू येत नाही.

प्रांजलच्या तोंडावर मात्र उजेड पडला. त्या दिवसापासून शून्याचा त्रास संपला. मीही देवाचे आभार मानले, कारण माझं पीठ वाचलं.

आता वाडीला दिसेल असं काय करायचं? तेही तिलाच सुचलं. आमच्याकडे भैरवनाथाच्या देवळातला दिवा पाळीनं लागतो. एका घराचा एक दिवस. तेलाची एक पितळी बुधली आहे, ती ज्या घरात, त्या घरानं संध्याकाळी वात घेऊन जायचं, तेल घालून दिवा लावायचा आणि दुसऱ्या दिवशी बुधली पुढच्या घरी द्यायची. पहिलं मानाचं घर रखमाजींचं, मग बाळाबाईचं, मग आमचं, मग हनुमंताचं, असं खालच्या आळीपर्यंत. पूर्वी हे आपोआप चालायचं. आता निम्म्या वाडीची पोरं पुण्यात, घरं महिना महिना कुलपात. बुधली बंद दारापुढं पडून राहायची, दिवा अंधारात आणि गेनू गुरव सगळ्यांच्या नावानं बोटं मोडत फिरायचा.

प्रांजलनं घरांची यादी केली. बंद घरांची वेगळी यादी केली. काल कुणाची पाळी होती तो नंबर द्यायचा, की आज कुणाची ते नाव येणार. घर बंद असेल तर त्याच्या पुढचं. ते नाव ती रोज सकाळी वाडीच्या ग्रुपवर टाकणार. शेवटच्या घरानंतर यादी संपली म्हणून लाल अक्षरं आली, तेव्हा सरांनी फोनवर सांगितलं, "शेवट आला की परत शून्यावर ये." तिनं तसं लिहिलं आणि लाल अक्षरं गेली ती गेलीच.

पहिल्या दिवशी रखमाजींचं नाव आलं. दुसऱ्या दिवशी आमचं. बाळाबाई तेव्हा लेकीकडे भोरला गेली होती, तिचं नाव बंद घरांत होतं. "बघ वयनी," प्रांजल नाचत म्हणाली, "कसं वगळलं बरोबर!" मी मोबाईल हिसकावून घेतला आणि यांना फोन लावला. त्या दिवशी मीही खूश होते.

दिवा रोज लागायला लागला. गेनू गुरवाला बोटं मोडायला कुणी उरलं नाही. पण खरी नवलाई मामंजींची. एक फेरी संपली, दुसरी सुरू झाली आणि एक दिवस पारावरून आले ते मिशीत हसत. प्रांजलला म्हणाले, "शिमग्याची वाट बघाया नगं. शीक तू. हुशार हाईस." प्रांजल आतल्या खोलीत जाऊन रडली. मी विचार केला, देवळातला दिवा मामंजींच्या डोक्यात कधी लागला?

ते मला आणखी काही फेऱ्या झाल्यावर बाळाबाईनं सांगितलं.

बाळाबाई आमची शेजारीण, मामंजींपेक्षा वयानं मोठी, एकटी राहणारी. मध्ये फक्त कुपाण. दोन वर्षांमागं आमच्या शेरडांनी तिची नाचणीची रोपं खाल्ली, तेव्हा तिनं आमची एक शेळी आपल्या गोठ्यात बांधून ठेवली आणि वर तिचं दूधही काढलं. तेव्हापासून तिचं आणि मामंजींचं बोलणं बंद. मी मात्र नळावर बोलायचे. भोरहून ती कधीच परतली होती, पण त्या दिवशी मी हंडा लावला तर तिनं पाठ फिरवली.

"काय झालं, काकी?"

"काय व्हायचं? आमचं घर देवाला नगं झालं. बुधली माझ्या दारावरनं तुमच्या दारात जाती. दर खेपेला. तुझ्या नणदंनं मशीन आणलंय, त्यात बाजीनं माझं नाव काढलंय. मला न्हाई कळत व्हय?"

माझ्या हातातला हंडा तसाच भरून वाहायला लागला. पाळीतून घर वगळणं ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. पूर्वी ज्याला वाळीत टाकायचं त्याचीच पाळी बंद करायचे.

घरी येऊन मी प्रांजलला फाडून खाल्लं. ती घाबरली. तिनं बंद घरांची यादी उघडून दाखवली. बाळाबाईचं नाव त्यात नव्हतं, ती परतली त्याच दिवशी काढलेलं. घरांच्या यादीत नाव होतं, जिथं असायला पाहिजे तिथंच. तरी काल रखमाजी म्हटलं की आज बाजी. पुन्हा चालवलं, तेच. मोबाईल बंद करून चालू केला, तेच.

"लाल अक्षरंबी येईनात, वयनी! चूक असती तर लाल नसतं का आलं?"

"मला काय विचारतीस? तुझा तो पायथन, तुझे ते सर!"

सर फोन उचलेनात. प्रांजलनं सगळा प्रोग्राम पुसून पुन्हा लिहिला आणि मनात होती ती चूक पुन्हा तशीच लिहिली. दोन दिवस पोर नीट जेवली नाही. इतके दिवस जिच्यावर चिडायची ती लाल अक्षरं तिला आता हवी होती आणि ती येत नव्हती. असला चीड आणणारा प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही. माणूस चुकला तर शेजारी तरी सांगतो.

तिसऱ्या दिवशी मामंजी गिरणीला न्यायचं भात मापायला बसले. पोत्याचं तोंड प्रांजलनं धरलं होतं, लक्ष कुठं तरी भलतीकडे. मामंजींनी पायली ओतली. "लाभ." दुसरी ओतली. "दोन."

प्रांजलच्या हातातून पोतं सुटलं. भात ओसरीभर.

"आबा, लाभ म्हंजी एकच ना? शून्य न्हवं?"

"सकाळी सकाळी शून्याचं नाव काढू नगंस. आधी भात गोळा कर."

ती भात गोळा करायला बसलीच नाही. माझा मोबाईल घेऊन चुलीपुढं गेली आणि मला बोट दाखवून सांगू लागली. सर म्हणाले शून्य म्हणजे लाभ. आणि लाभानंतर आपल्याकडे काय येतं? दोन. जन्मल्यापासून तेच ऐकलेलं. म्हणून तिनं लिहिलं होतं, काल शून्य असेल तर आज दोन, तिथून पुढं एकेक मिळवत जायचं. पण कॉम्प्युटरच्या यादीत शून्यानंतर एक असतो आणि त्या एकावर बाळाबाई बसली होती. तिच्यापर्यंत मोजणी कधी पोचलीच नाही. सुरुवातीला घर बंद होतं म्हणून कळलं नाही, आणि शेवट आला की परत शून्यावर जायचं, म्हणून पुढंही काही अडलं नाही.

तेवढ्यात सरांचा फोन आला. प्रांजलनं सगळं सांगितलं. सर पलीकडून हसायलाच लागले. "वा! अगं, काय सुंदर उदाहरण आहे हे! मी पुढच्या बॅचला हेच सांगणार."

"सर, माझ्या उदाहरणापायी एक बाई वाडीत त्वांड लपवून बसलीया," प्रांजल म्हणाली आणि तिनं फोन कट केला. सरांचा फोन कट करणारी ही तीच पोर, जी त्यांच्यापुढं मान वर करत नव्हती. मला बरं वाटलं.

चूक सुधारायला दोन ओळीसुद्धा लागल्या नाहीत. रखमाजींनंतर बाळाबाईचं नाव आलं. त्या दिवशी बुधली आमच्याच कोनाड्यात होती. प्रांजलनं ती उचलली.

"कुठं निघालीस?" मामंजींनी विचारलं.

"काकीकडं. माझी चूक झाली म्हणून सांगाया."

"काय गरज न्हाई. दुरुस्त केलंस न्हवं? फुडच्या खेपेला जाईल तिच्याकडं. गप ऱ्हा."

"आबा, तुमाला ठावं हुतं?"

मामंजी सांडलेला भात ओंजळीनं पोत्यात भरू लागले. मग म्हणाले, "दुसऱ्या फेरीलाच दिसलं. म्या म्हणलं, पोरीनं बापाची बाजू घेतली. शिकून कायतरी उपेग झाला."

आता कळलं ते मिशीतलं हसू. पोरीनं जे चुकून केलं तेच त्यांना हुशारी वाटलं होतं, आणि जे खरंच कष्टानं केलं होतं त्याकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मला इतका संताप आला की मी पदर दाताखाली धरला.

"तू तिच्या दारात जाऊन चूक कबूल केलीस, तर वाडी म्हणंल बाजीनंच करायला लावलं," मामंजी म्हणाले. "बुधली घिऊन कुपाणाच्या भाईर पाय टाकलास, तर उद्यापास्नं क्लास बंद. शेरडं सोडायची. मग माझ्या नावानं रडायचं न्हाई."

प्रांजल उभी राहिली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "ठिव गं खाली. आयकावं बापाचं." खरं सांगते, मी असते तर ठेवली असती. माझ्या कोर्सच्या वेळी मी ठेवलीच होती. ती मात्र गेली. मीही मागोमाग गेले. माझा मोबाईल तिच्या हातात होता म्हणून गेले, असं मी नंतर सासूबाईंना सांगितलं.

बाळाबाई ओसरीवर वाल निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. प्रांजलनं बुधली तिच्यापुढं ठेवली.

"काकी, तुमचं नाव कुणीबी काढलं न्हाई. म्याच मोजताना चुकले. लाभानंतर दोन धरलं. मशीनमधी तसं नसतं."

"बाजीनं सांगितलं न्हाई तुला?"

"न्हाई. आबांनी कायबी सांगितलं न्हाई."

हे खरंच होतं. मामंजींनी काहीच सांगितलं नव्हतं, कुणालाच.

बाळाबाई उठून आत गेली. परत आली ती हातात टोपली घेऊन. टोपलीत वाती होत्या. भोरहून आल्यापासून दर फेरीला, आपली पाळी येईल म्हणून वळून ठेवलेल्या. दर वेळी बुधली दारावरून पुढं गेली होती आणि वाती टोपलीत पडल्या होत्या. कापूस मळकट झाला होता. प्रांजल त्या टोपलीकडं बघून रडायला लागली.

"रडू नगंस," बाळाबाई म्हणाली. "माझ्या राहिलेल्या पाळ्या मला पायजेत. समद्या. ओळीनं. ह्या वाती सरल्याबिगर बुधली फुडं जायची न्हाई. सांग तुझ्या मशीनला."

प्रांजलनं नाक पुसलं. "त्याला प्रोग्राम बदलाया लागंल, काकी. एकच घर परत परत घ्यायचं आन् सरलं की फुडं जायचं. त्ये मला अजून नीट येत न्हाई. सर क्लासात शिकवणार हुते. पण माझा क्लास आजपास्नं बंद."

"कुणी केला बंद?"

मी आमच्या घराकडं पाहिलं. तेवढं पुरलं.

बाळाबाई कुपाणापाशी गेली. कमरेवर हात ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं हाक मारली, आणि अशी मारली की खालच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली.

"बाजी! आरं ए बाजी! पोरगी उद्याच्या यष्टीला दिसली न्हाई, तर ही वातीची टोपली घिऊन म्या पारावर बसंन. आन् का बसले, ते जो इचारंल त्याला सांगंन. तुझ्या शेळीच्या दुधापास्नं सांगंन!"

आमच्या ओसरीवर कुणीतरी खोकलं. संध्याकाळी देवळात बाळाबाईचा दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रांजल उठली तेव्हा शेरडं गोठ्यात नव्हती. मामंजींनी स्वतःच सोडली होती आणि वाटेवर काठी टेकून उभे होते. प्रांजल खांद्याला बॅग लावून, मान खाली घालून त्यांच्या शेजारून निघाली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. शेरडांकडं बघतच म्हणाले, "या टायमाला मशीनमधला एक इसरू नगंस."

ती एसटीसाठी पळत सुटली, माझा मोबाईल घेऊन.